लो-कार्ब + क्रिएटिन लॉग, मालवण : मिरगापासून श्रावणापर्यंत

आधी आकडे, मग गजाली.

मिरग लागला तेव्हा वजन ७१.४, बेंबीवर कंबर ८८ सेंमी, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) ८० किलोवर ५ रेप्स (एका दमात पाच वेळा), ओव्हरहेड प्रेस (बार डोक्यावर ढकलणं) २७.५ वर ५. आता श्रावण अर्धा सरलाय आणि वजन ६८.८, कंबर ८३.५, डेडलिफ्ट ९० वर ५, प्रेस ३० वर ४. वय ४१, सकाळची लेडीज बॅच, घरात सहा माणसांचा स्वयंपाक. जूनपासून लो-कार्ब (भात-साखर कमी) आणि जुलैपासून त्यावर क्रिएटिन (मसलला झटपट जोर देणारा पदार्थ, जिमवाले पावडर म्हणून घेतात). दोन्ही एकदम सुरू केलं नाही ते मुद्दाम, नाहीतर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

जूनच का, तर मे महिन्यात इथे राहून हे होणारच नाही. हापूस, फणस, जांभळं, वर मुंबईचे पाहुणे. मे महिन्यात मालवणात ज्याला लो-कार्ब जमतं त्याला माझा कोपरापासून नमस्कार. कडक कीटो (कार्ब जवळपास बंदच) करत नाहीये, दिवसाला ५०-६० ग्रॅम कार्ब. शिजलेल्या भाताची एक वाटी म्हणजे साधारण १०० ग्रॅम, त्यात २८ ग्रॅमच्या आसपास कार्ब, म्हणजे दोन वाट्यांत दिवसाचा कोटा संपला आणि आपल्याकडे दोन वाट्यांवर उठतंय कोण. म्हणून भात बंदच केला, पेज घावणे आंबोळी सगळं बंद. बांगड्याचं तिखलं चालू, तळलेला मासा चालू पण रवा न लावता, अंडी, टाकळ्याची भाजी, सोलकढी चालू. ओलं खोबरं पण चालतं, १०० ग्रॅममध्ये १५ ग्रॅम कार्ब दिसतात पण त्यातले ९ तर फायबरच आहेत. कुळथाची पिठी मात्र प्रोटीन समजून कोणी भुरकत असेल तर सांगते, कुळथात निम्म्याहून जास्त कार्बच असतात.

पहिल्याच आठवड्यात वजन दोन किलो उतरलं, बॅचमधल्या सगळ्या खूष, मी सोडून. कारण ती चरबी नव्हतीच. अंगात ग्लायकोजेन म्हणून जी साखर साठवलेली असते ती मोठ्या माणसात ४००-५०० ग्रॅमपर्यंत असते आणि तिच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भात थांबला की साठा उतरतो आणि पाणीही जातं, वर इन्शुलिन कमी झाल्यामुळे किडनी मीठ जास्त बाहेर टाकते, मग आणखी पाणी. त्याच आठवड्यात ८० चा बार ५ वरून ३ रेप्सवर आला आणि १२-१५ च्या लांब सेटमध्ये तर मांड्या दगड व्हायला लागल्या.

इथे क्रिएटिनचा विचार डोक्यात आला आणि हेच मला या लॉगमध्ये नीट लिहायचंय, बाकीचं सोडलंत तरी चालेल. मसलमध्ये तयार असलेलं एटीपी, म्हणजे मसलचं थेट इंधन, दोन-तीन सेकंदात संपतं. मग फॉस्फोक्रिएटिन (मसलमध्ये साठलेल्या क्रिएटिनचंच एक रूप) ते झटपट परत भरून देतं, जोराच्या कामात पहिल्या दहाएक सेकंदांचा मोठा भार त्याच्यावर, आणि सेट त्यापुढे लांबला की ग्लायकोजेनची पाळी. पावसात आपल्याकडे लाईट गेली की इन्व्हर्टर लगेच लागतो आणि जनरेटर सुरू व्हायला वेळ घेतो, तसंच. लो-कार्बवर माझा जनरेटर अर्ध्या डिझेलवर होता, पण इन्व्हर्टरला डिझेल लागतच नाही! मग त्याची बॅटरी मोठी करावी आणि कामही त्याच्याच लायकीचं द्यावं. म्हणून १२-१५ चे सेट सोडले, ३ ते ५ रेप्सवर आले, आणि दोन सेटमध्ये पूर्ण ३-४ मिनिटं बसायला लागले कारण फॉस्फोक्रिएटिन जवळजवळ पूर्ण भरायला तेवढा वेळ लागतोच. बॅचमध्ये टोमणे बसले की ही जिममध्ये बसायलाच येते. बसू दे.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, साखरेशिवाय क्रिएटिन मसलमध्ये जातं का. ज्यूससोबतच घ्यायचं, नाहीतर फुकट, हे आमच्या ट्रेनर दादाने पण सांगितलं होतं आणि ते हवेतून आलेलं नाही. १९९६ साली इंग्लंडमध्ये प्रयोग झालेला, त्यात ५ ग्रॅम क्रिएटिन दिवसातून चार वेळा आणि प्रत्येक वेळी वर ९३ ग्रॅम कार्बचं गोड ड्रिंक. नुसतं क्रिएटिन घेणाऱ्यांपेक्षा या लोकांच्या मसलमधल्या क्रिएटिनची वाढ ६० टक्क्यांनी जास्त निघाली. पण हिशोब करा, ९३ चोक ३७२ ग्रॅम. माझा अख्ख्या आठवड्याचा कार्ब कोटा एका दिवसात! नंतर २००० साली असंही दिसलं की ५० ग्रॅम प्रोटीन आणि ४७ ग्रॅम कार्ब दिले तरी ९६ ग्रॅम कार्बइतकाच उपयोग होतो. म्हणजे सगळा भार साखरेवर नाही, पण तरी ४७ पण मला जास्तच.

पण १९९६ चाच दुसरा एक अभ्यास आहे, हल्टमन आणि मंडळींचा, तो मात्र कोणी सांगत नाही. रोज २० ग्रॅम सहा दिवस घेतलं की मसलमधलं क्रिएटिन जिथे पोचतं तिथेच रोज फक्त ३ ग्रॅम २८ दिवस घेऊनही पोचतं. टाकीला वर मर्यादा आहे, साखरेने ती लवकर भरते इतकंच. मला कुठे ऑलिम्पिकला जायचंय. आणि व्यायामाने पण मदत होते, हॅरिस, सॉडरलुंड आणि हल्टमन यांनी १९९२ मध्ये लोकांना एकाच पायाने सायकल मारायला लावली तर त्याच पायात क्रिएटिन जास्त गेलं. म्हणून लोडिंग (सुरुवातीला रोज २० ग्रॅमचा मारा) नाही, ज्यूस नाही, जिमनंतर घरी येऊन तीन अंड्यांसोबत ५ ग्रॅम कोमट पाण्यात. गार पाण्यात ते नीट विरघळत नाही, तळाला वाळू बसते.

घ्यायचं तर साधं मोनोहायड्रेट. बाकीचे महाग प्रकार त्याहून चांगले ठरलेले नाहीत, एथिल एस्टर तर उलट क्रिएटिनिनमध्येच (क्रिएटिनच्या कचऱ्यात) लवकर बदलतं. मोनोहायड्रेटमध्ये कार्ब शून्य, पण फ्लेवरवाला डबा घेत असाल तर मागचं लेबल वाचा, माल्टोडेक्स्ट्रिन (हेही कार्बच) किंवा साखर घातलेली असते. गमीज तर जवळपास गोळ्या-बिस्किटंच.

आता माशांचं. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारी बंद, म्हणजे नेमकं मी भात सोडला आणि ताटातली सुरमई पण गेली. सुकट, सुके बांगडे, खाडीतलं काही मिळालं तर, कधी कुर्ल्या, यावर जून-जुलै काढले. कच्च्या मासळीत किंवा मटणात किलोमागे साधारण ४-५ ग्रॅम क्रिएटिन असतं आणि शिजवताना त्यातलंही थोडं जातं. म्हणजे माझे ५ ग्रॅम माशांतून काढायचे तर रोज किलोभर सुरमई पाहिजे, घर विकावं लागेल. बंदी संपली तोवर श्रावण, आमच्या घरात गणपती विसर्जनापर्यंत अंडं पण नाही, आता पनीर, दही आणि सोयाबीन चालूय, आणि दुधात क्रिएटिन नावापुरतंच. शरीर स्वतः लिव्हर-किडनीमध्ये दिवसाला एखादा ग्रॅम बनवतं पण मासे-मटण न खाणाऱ्यांचा मसलमधला साठा कमीच असतो, म्हणून त्यांना पावडरचा फरक जास्त दिसतो. माझ्या मते कोकणातल्या मासेखाऊ माणसाने क्रिएटिन सुरू करायचा मुहूर्त हाच, पण हे माझं मत हां, यावर अभ्यास वगैरे कोणी केलेला नाही.

श्रावणात सासूबाईंनी डबा उचलून विचारलंच, "भात खाणस नाय नि ह्या पांढरा पीठ कसला पितंस गो?" मग त्यांना हिरवा ठिपका दाखवला. हे मटणातून काढत नाहीत, कारखान्यात सार्कोसिन आणि सायनामाइड या दोन केमिकलपासून बनवतात, प्राण्याचा संबंध नाही. केमिकल ऐकून त्यांचं तोंड आणखी वाकडं झालं पण श्रावण मोडत नाही एवढं पटलं. कॅप्सूल घेणाऱ्यांनी मात्र बघून घ्या, वरचं कवच जिलेटिनचं असू शकतं.

जुलैत पावडर सुरू केली तेव्हा वजन ६८.२ होतं, ते पंधरवड्यात ६९.३ झालं. ही जागा अशी आहे की इथे लोक डबा फेकून देतात. क्रिएटिन मसलच्या आत पाणी ओढतं, किलो-दीड किलो वाढणं नेहमीचं. जूनमधली दोन किलोची खुशी जेवढी खोटी तेवढंच हे दुःख पण खोटं, दोन्ही पाण्याचे खेळ. त्याच पंधरवड्यात कंबर एक सेंटिमीटर कमी झाली होती आणि ८० चा बार परत ५ वर आला होता. म्हणून मी काटा आता आठवड्यातून एकदाच बघते, टेप आणि बार मात्र वहीत नियमित. श्रेय सगळं क्रिएटिनला पण देत नाही, लो-कार्बची सवय व्हायलाच तीन-चार आठवडे जातात, तेवढ्यात थोडी ताकद अशीही परत आली असती. पण ८० वरून ९० हे नुसत्या सवयीने झालं असतं असं वाटत नाही. पोहण्यात काडीचा फरक नाही, चिवला बीचवर लांब पोहायला जाणाऱ्यांनी अपेक्षा ठेवू नका, ते काम इन्व्हर्टरचं नाहीच.

मिठाचं. लो-कार्बवर मीठ असंही जास्त जातं, वर आपली हवा, जिममध्ये पंखा ओला वारा फेकतो आणि घाम वाळतच नाही. पहिल्या आठवड्यात डोकं जड आणि रात्री पोटऱ्यांना गोळे. लोक याचं खापर क्रिएटिनवर फोडतात, मी तर तेव्हा क्रिएटिन घेतही नव्हते! जिमनंतर आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घालून पाणी घ्यायला लागले, आगळात मीठ असतंच, आणि दुपारी वाटीभर सोलकढी. गोळे थांबले. शहाळं चांगलं पण एका शहाळ्यात १०-१२ ग्रॅम कार्ब सहज, मोजून घ्या. आणि बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी हे मिठाचं बघून करू नका. डायबेटिसवाल्यांनी तर लो-कार्बच डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, ग्लिफ्लोझिनच्या गोळ्या (लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या) चालू असतील तर कीटोअ‍ॅसिडोसिसचा (रक्त आम्लधर्मी होण्याचा) खरा धोका असतो. किडनीचा त्रास असेल तर क्रिएटिनचं पण डॉक्टरांनाच विचारायचं.

क्रिएटिन कोकम सरबतात घालून बाटली भरून ठेवायची आयडिया बॅचमधल्या एकीची. लगेच प्यायलं तर काही होत नाही, पण आंबट पाण्यात ते हळूहळू क्रिएटिनिनमध्ये बदलतं, दोन-तीन दिवसांची बाटली नको. कोरडी पावडर टिकते. जुलैच्या दमटपणात तिचे खडे होतात, खडा म्हणजे खराब नव्हे, चमच्याने फोडायचा. मी डब्यातली सिलिका पुडी तशीच ठेवून डबा तांदळाच्या पिंपात ठेवलाय, तांदूळ असाही आता कमी लागतो.

रक्त तपासलं तर क्रिएटिनिन ०.८ चं १.० झालेलं. डॉक्टरांना आधीच डबा दाखवला होता त्यामुळे ते शांत होते. क्रिएटिन जास्त असलं की त्याचा कचरा म्हणजे क्रिएटिनिन पण थोडं जास्त दिसतं आणि रिपोर्टवरचा ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) त्यावरूनच काढतात, तो उगाच कमी येतो. शंका असेल तर सिस्टॅटिन सी (किडनीचीच दुसरी रक्ततपासणी) करून घ्या म्हणाले, त्याच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. तपासणीला जाताना पावडरचं सांगाच, न सांगता रिपोर्ट बघून घाबरण्यात अर्थ नाही. क्रिएटिनने केस गळतात का, हे पण विचारतात. ती भीती आली २००९ च्या दक्षिण आफ्रिकेतल्या रग्बी खेळाडूंच्या एका छोट्या अभ्यासातून, त्यात डीएचटी हे केस गळण्याशी जोडलं जाणारं हार्मोन वाढलेलं दिसलं, केस कोणी मोजलेच नव्हते.

पुढचं असं. चतुर्थीला उकडीचे मोदक खाणार, तूप घालून, आणि वहीत लिहिणार पण नाही. गणपती गेले की मासे परत, आणि तेव्हा फक्त डेडलिफ्टच्या दिवशी एक तांदळाची भाकरी परत आणून बघणार, क्रिएटिन तेच ५ ग्रॅम, म्हणजे बदल एकाच गोष्टीत. प्रेस ३० वर अडकलाय तो हलतो का ते बघायचंय. श्रावण पाळणारे किंवा बारमाही शाकाहारी कोणी लो-कार्बवर क्रिएटिन घेत असाल तर तुमचे आधीचे-नंतरचे आकडे टाका, आणि कंबरेचा आकडा वजनासोबत टाका, नुसतं वजन मला नको.