तुम्ही विचारलंत म्हणून: कमी पैशांत गाडी किती खाली घ्यावी?

"दादा, गाडी थोडी खाली घ्यायचीय, बजेट फार नाही, पण टायर आतून खाल्ले जायला नकोत. काय करू?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा बसून सगळं लिहून टाकतो. विचारणारे बहुतेक पंचविशीच्या आसपासचे, हाताखाली सेकंडहँड स्विफ्ट, पोलो नाहीतर आय-ट्वेंटी. कुणी याला पोरखेळ म्हणो, मला तो तसा वाटत नाही. टायर आणि मडगार्ड यांच्यातली चार बोटांची जागा दोन बोटांवर आली की साधी हॅचबॅकसुद्धा रस्ता धरून बसल्यासारखी दिसते, आणि काम नीट झालं असेल तर चालतेही तशीच. मी राहतो कोल्हापुरात. माझी २०१८ची स्विफ्ट मूळ उंचीपेक्षा ३० मि.मी. खाली आहे, आणि आंबा घाट उतरून रत्नागिरीला जाणं कामानिमित्त चालूच असतं.

माझं उत्तर आधीच सांगतो. पैसे कमी असतील तर गाडी कमी खाली घ्या. बुश (सस्पेन्शनच्या जोडांतली रबरं), शॉकअप आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) या तीन गोष्टींत मात्र एक रुपयाही वाचवू नका. आता हे असं का, ते सांगतो.

किती खाली घ्यायची हे ठरवताना पोरं फोटो बघतात. त्याऐवजी आपल्या गल्लीतला स्पीडब्रेकर बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत गोलाकार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद, १० सें.मी. उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा सांगितलेला आहे, ताशी २५ कि.मी. वेगाने ओलांडता येईल असा. माझ्या स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर आहे २४५० मि.मी., म्हणजे अशा स्पीडब्रेकरवर चारही चाकं एकाच वेळी मावतात. हिशेब केला तर पोटाखाली उंचवटा येतो जेमतेम ४४ मि.मी.चा. गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १६३, त्यातून ३० गेले, राहिले १३३. घासायचा प्रश्नच नाही.

पण आपल्याकडे असे स्पीडब्रेकर किती? गावागावांत सोसायटीनं, शाळेनं, नाहीतर घरासमोरच्या माणसानं डांबर ओतून केलेला बंपर असतो हात-दीड हात रुंद आणि दहा सें.मी. उंच. तो ओलांडताना पुढची चाकं उतरलेली असतात, मागची चढायची असतात, आणि पूर्ण १०० मि.मी. पोटाखाली उभे राहतात. त्यात पाच माणसं आणि डिकीत सामान असेल तर गाडी मागून आणखी तीन-चार सें.मी. सहज बसते. आता १३३ मधून ते वजा करा. म्हणून मी भरल्या गाडीनं, अगदी हळू, किंचित तिरकं घेऊन बंपर ओलांडतो. याच हिशेबामुळे गाडी ३० मि.मी.पेक्षा जास्त खाली घेऊ नका असं सगळ्यांना सांगतो. आमच्याकडे उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्यात चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि मधला उंचवटा तेवढा शिल्लक राहतो. तिथं ५० मि.मी. खाली घेतलेली गाडी चेंबरवर, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीवर, घासत चालते.

आता सगळ्यांचा दुसरा प्रश्न: स्प्रिंग कापली तर? ग्राइंडरचा खर्च तो काय! तुम्ही शिव्या द्याल अशा तयारीनं विचारता, पण मी शिव्या देत नाही, कारण स्प्रिंग कापणं म्हणजे नेमकं काय हे बऱ्याच जणांना कुणी समजावलेलंच नसतं. स्प्रिंगचे जे वेढे प्रत्यक्ष दबतात ते कमी केले की ती कडक होते. सहा वेढ्यांतला एक कापला तर राहिले पाच. सहा भागिले पाच, म्हणजे कडकपणा २० टक्क्यांनी वाढला. ऐकायला छान वाटतं. पण गाडी उभी असताना चाकाला वर जायला समजा ७० मि.मी. जागा होती आणि तुम्ही ३० मि.मी. काढून घेतलीत, तर उरली ४०. तोच खड्डा ४० मि.मी.त गिळायचा तर ढोबळ हिशेबानं स्प्रिंग तिप्पट कडक लागेल. तुमच्याकडे आहे सव्वापटसुद्धा नाही. उरलेला धक्का जातो बंप स्टॉपवर (चाक पूर्ण वर गेलं की टेकतं त्या रबरी गट्टूवर), तिथून शॉकअपच्या वरच्या माउंटिंगवर, आणि तिथून तुमच्या मणक्यात.

त्यात स्प्रिंगचं टोक बघावं लागतं. काही गाड्यांत शेवटचा वेढा आत वळवून लहान केलेला असतो, तोच खालच्या वाटीत बसतो. तो कापला की स्प्रिंगला बसायला जागाच उरत नाही. कुणी गॅस कटर लावून कापत असेल, किंवा स्प्रिंग जागच्या जागी तापवून 'बसवून' देत असेल, तर सरळ गाडी घेऊन निघा. त्या पोलादाला उष्णता देऊनच ताकद आणलेली असते. पुन्हा बेहिशेबी तापवली की ती जाते. एक तपासणी घरी करता येते. गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, चाक लोंबकळू द्या आणि स्प्रिंग हातानं फिरवून बघा. हातानं फिरली तर ती स्प्रिंग वाटीत घट्ट नाही. एखाद्या मोठ्या उंचवट्यावर चाक हवेत गेलं की ती जागा सोडू शकते.

मग स्वस्तात काय करायचं? तयार लोअरिंग स्प्रिंग घ्यायच्या, २५ ते ३० मि.मी.च्या, तुमच्या नेमक्या मॉडेलसाठी बनवलेल्या. पेट्रोल आणि डिझेलच्या पुढच्या स्प्रिंग एक नसतात, कारण डिझेल इंजिन जड असतं. जुन्या बाजारातून किंवा कुर्ल्याहून जोडी उचलताना इथंच गफलत होते. उंची बदलता येणाऱ्या कॉइलओव्हरच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र संचाच्या) मागे या बजेटमध्ये लागू नका. स्वस्त कॉइलओव्हरपेक्षा चांगली स्प्रिंग आणि धडधाकट शॉकअप केव्हाही बरे.

धडधाकट हा शब्द महत्त्वाचा. साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे शॉकअप, लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) एंड आधी तपासून घ्या. चाक वर उचलून घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. मग तीन आणि नऊच्या जागी. कुठंही खटखट जाणवली तर पहिला पैसा तिथं. ढिल्या बुशवर केलेली अलाइनमेंट मशिनवर हिरवी दिसते आणि पहिल्या ब्रेकला बदलते.

आता चाकांकडे येतो. आपल्या बहुतेक हॅचबॅकना पुढं मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात) आणि मागं टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) असतो. गाडी खाली आली की पुढचा लोअर आर्म जवळजवळ आडवा होतो, चाकाचं वरचं टोक किंचित आत झुकतं. हा कॅम्बर. ३० मि.मी.ला तो थोडाच बदलतो आणि त्याला फार घाबरायचं कारण नाही. आर्म आडव्याच्याही पलीकडे गेला, म्हणजे त्याचं बाहेरचं टोक आतल्यापेक्षा वर आलं, की मात्र गोष्टी बिघडतात. गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या केंद्रबिंदूपेक्षा जास्त खाली घसरतो, आणि इतकी खाली घेऊनही वळणावर ती आधीपेक्षा जास्त झुकू पाहते. शिवाय आर्म आणि टाय रॉड वेगवेगळ्या कमानीत हलायला लागतात, म्हणून खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग आपोआप इकडेतिकडे ओढतं. फार खाली घेतलेल्या गाड्या घाटात अस्थिर वाटतात त्याचं एक मोठं कारण हेच.

टायर आतून खाल्ले जातात त्याचा दोष सगळे कॅम्बरला देतात. खरा खाणारा बहुतेक वेळा टो असतो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळलेलं असणं. हिशेब बघा. रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत फक्त १ मि.मी.चा फरक आहे आणि रिम काठापासून काठापर्यंत ३८० मि.मी. आहे, तर टायर दर किलोमीटरला अडीच मीटरपेक्षा जास्त आडवा घासला जातो. कोल्हापूर ते पुणे साधारण २३० कि.मी. जाईपर्यंत सहाशे मीटर. एवढं डांबरावर घासल्यावर रबर राहील कसं? आणि स्प्रिंग बदलली की टो बदलतोच. म्हणून "नंतर करू अलाइनमेंट" हे वाक्य या कामात चालत नाही.

घरी टो मोजता येतो. सपाट जागा हवी. स्टिअरिंग सरळ करून बांधा. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्याच्या उंचीवर दोरी ताणा आणि दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतर करा. पुढच्या दोन चाकांतलं आणि मागच्या दोन चाकांतलं अंतर वेगळं असतं, त्यामुळे प्रत्येक ॲक्सलला डाव्या-उजव्या हबपासून दोरीचं अंतर सारखं ठेवायचं. मग स्टीलच्या पट्टीनं दोरीपासून रिमची पुढची कड आणि मागची कड मोजायची. जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजू नका, कारण चाकं तेव्हा आत ओढून अडकलेली असतात. गाडी चार-पाच फूट पुढंमागं ढकला, किंवा प्रत्येक पुढच्या चाकाखाली दोन गुळगुळीत फरशा ठेवून मध्ये ग्रीस लावा. चाक आपली जागा घेतं. एवढ्यानं मशिनची गरज संपत नाही, पण नवीन स्प्रिंग बसवून अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत टायर न खाता जाता येतं.

स्प्रिंग बसवताना मिस्त्रीच्या शेजारी उभे राहा आणि दोन गोष्टी डोळ्यांनी बघा. स्विफ्टसारख्या गाड्यांत स्ट्रट खालून नकलला (चाकाचं हब ज्यावर बसतं त्या भागाला) दोन बोल्टनी धरलेला असतो. ते सोडण्याआधी त्यांच्याभोवती रंगाची खूण करून घ्या, कारण बोल्टच्या भोकात थोडी ढील असते आणि तेवढ्यानंही कॅम्बर बदलतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लोअर आर्मच्या आतल्या बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडीचं वजन चाकांवर असताना. बुशचं रबर दोन्ही बाजूंनी चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली ठेवल्यावर ते रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. आमचे उद्यमनगरचे मिस्त्री पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवतात, गाडी दोनदा दाबून सोडतात आणि मग खाली झोपून बोल्टला पाना लावतात. या पाच मिनिटांवर पुढची दोन वर्षं अवलंबून असतात. एबीएस नसलेल्या काही जुन्या गाड्यांत मागच्या ॲक्सलला एक लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो, तोही नव्या उंचीप्रमाणे जुळवून घ्या. नाहीतर गाडीत ओझं आहे असं समजून तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं जाम होऊ शकतात. हेडलाइटचा झोतही बदलतो, तो भिंतीसमोर लावून घ्या.

अलाइनमेंट दोनदा करायची: एकदा लगेच, एकदा स्प्रिंग रुळल्यावर, चार-पाचशे किलोमीटरनी. चारही चाकांत हवा बरोबर हवी. टाय रॉड दोन्ही बाजूंनी सारखा फिरवायला सांगा, म्हणजे स्टिअरिंग वाकडं राहणार नाही, आणि फिरवण्याआधी रबरी बूटची क्लिप सैल करायला सांगा. मागच्या बीमला बहुतेक गाड्यांत फिरवायला काही नसतं. म्हणून 'मागचं होत नाही साहेब' हे ऐकून घ्या, पण मागचे आकडे कागदावर छापून मागा. पोलोसारख्या गाडीत पुढं डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये फरक असेल तर सबफ्रेम (लोअर आर्म ज्यावर बसतात ती चौकट) किंचित सरकवून तो वाटून घेता येतो. दुकानदाराला ते माहीत नसेल तर दुसरं दुकान बघा.

कायद्याचंही विचारता. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मूळ बनावटीपेक्षा वेगळे बदल करण्यावर मर्यादा घालतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. स्प्रिंगची उंची आरसी बुकात लिहिलेली नसते म्हणून काही जण निर्धास्त असतात. मी तसं राहायला सांगणार नाही. आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि मूळ स्प्रिंग तेल पुसून घरी जपून ठेवा.

यातलं सगळं एका पगारात होणार नसेल तर आधी शॉकअप आणि बुश बदला, मूळ स्प्रिंगवर अलाइनमेंट करून घ्या आणि दिवाळीपर्यंत तशीच चालवा. नवे शॉकअप टाकलेली मूळ उंचीची गाडीसुद्धा तुम्हाला बदललेली वाटेल. स्प्रिंग टाकल्यावर मात्र पंधरा दिवसांनी पुढच्या टायरवरून तळहात फिरवा, बाहेरून आत, मग आतून बाहेर. एकीकडून गुळगुळीत आणि दुसरीकडून कडा टोचत असतील तर टो चुकलाय. दोन्हीकडून सारखं लागलं पण आतली कड जास्त झिजलेली दिसली तर कॅम्बर बघा. मला विचारायचं असेल तर अलाइनमेंटचा छापील कागद समोर ठेवून विचारा. आकडे दिसले की पुढचं बोलता येतं.