आधी प्रश्न लिहा, मग कॅमेरा लावा

ऑनलाइन कोर्स करायचं ठरलं की पहिली धाव कॅमेऱ्याकडे जाते आणि चाचण्यांचे प्रश्न शेवटी घाईघाईत उरकले जातात. हा क्रम उलटा हवा. ‘स्वयं’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्स मंचाच्या रचनेत कोर्सची चार अंगं धरली आहेत: व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन. त्यातलं चौथं आधी तयार करा. मग व्हिडिओत काय सांगायचं आणि काय गाळायचं, हे आपोआप ठरत जातं.

संख्याशास्त्रातला मध्यक घ्या, म्हणजे संख्या चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या. पाच जणांचे पगार, हजारांत: १२, ५२, १०, १४, १२. मध्यक किती? पर्याय: १२, २०, १०, ४२. बरोबर उत्तर १२. पण बाकीचे तीन आकडे उगाच जागा भरायला टाकलेले नाहीत. २० निवडणाऱ्याने मध्य, म्हणजे सरासरी काढली. १० निवडणाऱ्याने चढता क्रम न लावता मधली संख्या उचलली. ४२ निवडणाऱ्याने मोठ्यातून लहान वजा केलं, म्हणजे विस्तार काढला. मूडल या ऑनलाइन वर्ग चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पर्यायाला वेगळा फीडबॅक देता येतो. तिथे नुसतं ‘चूक’ न लिहिता ‘आधी संख्या चढत्या क्रमाने लावा’ असं लिहा. चुकीचे पर्याय शोधायला कल्पनाशक्ती ताणू नका, जुन्या उत्तरपत्रिका काढून बसा. ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय टाळाच. आठवड्याच्या चाचणीत पाच प्रश्न ठेवणार असाल, तर प्रश्नपेढीत, म्हणजे प्रश्नांच्या साठ्यात, किमान पंधरा हवेत, म्हणजे प्रत्येकाला वेगळा संच जातो.

आता व्हिडिओ. एका व्हिडिओत एकच मुद्दा, सहा ते आठ मिनिटं. मिनिटाला साधारण ११० शब्द धरले तर आठ मिनिटांना नऊशेच्या आसपास शब्द होतात. तेवढंच लिहून काढा आणि एकदा मोठ्याने वाचा. वाचताना जिथे अडखळाल, तिथलं वाक्य तोडा. स्लाइडचा व्हिडिओ ७२०पी आणि सेकंदाला एक मेगाबिट या हिशेबाने ठेवला तर आठ मिनिटांची फाइल ६० एमबीची होते. तासभराचं सलग व्याख्यान ४५० एमबी खातं. रोजच्या दीड जीबी डेटावर शिकणाऱ्या मुलाला हा फरक फार मोठा आहे.

चित्र थोडं मंद असलं तरी मुलं चालवून घेतात, आवाज घुमला की व्हिडिओ बंद करतात. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा, पंखा बंद ठेवा. रिकाम्या वर्गापेक्षा गाद्या, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली खोली बरी. सुरुवातीला दहा सेकंद काही न बोलता रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरला खोलीची घरघर कमी करायला तोच नमुना लागतो. स्क्रीन रेकॉर्ड करायला ओबीएस हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाइल प्रकारात करा आणि नंतर एमपी४ करून घ्या. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली तर नेहमीची एमपी४ फाइल अर्धवट राहते आणि उघडतच नाही. एमकेव्हीत तोवरचा भाग हाती राहतो.

मराठीतून शिकवणाऱ्यांचा सर्वाधिक वेळ फाँट खातो. जुन्या नोट्स श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतील तर मूडलवर चिकटवल्यावर नुसती चिन्हं दिसतात. सगळं युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं व रफार डोळ्यांनी तपासा, कारण रूपांतरात नेमके तेच बिघडतात. प्रश्न गिफ्ट फॉरमॅटमध्ये, म्हणजे मूडलला एकदम बरेच प्रश्न देता येणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलमधून, चढवायचे असतील तर फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा. स्लाइडवर अक्षर २८ पॉइंटच्या खाली नको आणि ओळींमधलं अंतर १.२ च्या वर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. लॅपटॉपवर छान दिसलं म्हणून समाधान मानू नका, मोबाइल आडवा न करता वाचून बघा. आकडी उत्तराच्या प्रश्नात ‘उत्तर इंग्रजी आकड्यांत टाइप करा’ हे प्रश्नातच लिहा, नाहीतर बरोबर उत्तरालाही शून्य गुण पडण्याची शक्यता असते.

चर्चेसाठी रोजची एक वेळ ठरवून घ्या. दोन दिवस उत्तर आलं नाही की मुलं विचारणंच सोडतात.

पहिली चाचणी झाली की गुणांच्या यादीआधी, कोणता पर्याय किती जणांनी निवडला ते उघडा. मध्यकाच्या प्रश्नात बऱ्याच जणांनी १० निवडलं असेल, तर चढता क्रम लावण्याचा भाग व्हिडिओत घाईत निसटला आहे. तेवढा सहा मिनिटांचा तुकडा पुन्हा रेकॉर्ड करून पुढच्या आठवड्याआधी बदलून टाका.