तेलाच्या चिंध्या आणि माडीची तक्तपोशी

गेल्या वर्षी मे महिन्यात वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीतील जुन्या घराच्या माडीचे काम मी हाती घेतले होते. माडीची तक्तपोशी, म्हणजे लाकडी जमीन, सव्वा इंच जाडीच्या सागवानी फळ्यांची होती आणि बहुतेक ठिकाणी ती अजून धडधाकट होती. झीज होती ती तीनच जागी : जिन्याच्या तोंडाशी, झोपाळ्याला पायाने रेटा देतात त्या पट्ट्यात, आणि पश्चिमेच्या खिडकीपाशी, जिथे दर पावसाळ्यात झड आत येते. त्या घरच्या काकींच्या मुलाने मुंबईहून फोनवर सांगितले होते की सगळी जमीन मशीन लावून तासावी आणि वर चकाकणारे पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारावे. मला ते पटले नाही. जिन्यापाशी फळी दीड सूत झिजली होती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तिच्या पातळीला सगळी माडी उतरवायची तर चांगल्या फळ्यांचेही तेवढेच लाकूड भुशात गेले असते.

झिजलेला भाग तेवढाच दुरुस्त करता येईल की नाही, हे लाकडावर पूर्वी काय लावले होते त्यावर ठरते. म्हणून एका कोपऱ्यात स्पिरिटने भिजवलेला कापसाचा बोळा दोन मिनिटे ठेवून पाहिला. चपडीचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश असते तर ते चिकट होऊन बोळ्याला लागले असते. तसे झाले नाही, आणि नखाने खरवडल्यावर पापुद्राही निघाला नाही. म्हणजे लाकडात जवसाचे तेल मुरवलेले होते. याचा मला फार आनंद झाला, कारण वार्निशच्या थराला कडा असते आणि नवा तुकडा जोडला की ती दिसतेच, पण लाकडात मुरलेल्या तेलाला कडा नसते.

पहिले दोन दिवस घासण्यातच गेले. आधी खिळ्यांची डोकी पंचाने खोल ठोकली, कारण एक डोके वर राहिले तरी पॉलिश पेपर फाटतो. मग काचेच्या तुकड्याने मळ खरवडला आणि साठ, शंभर व दीडशे नंबरचे पेपर लाकडाच्या रेषेने फिरवले. फळीच्या मध्येच कुठेही न थांबता दर वेळी सांध्यापर्यंत जायचे, हा नियम मी हाताखालच्या माझ्या भाच्याकडून कसोशीने पाळून घेतला. मध्येच थांबलेला हात पुढे तेल लागल्यावर डागासारखा दिसतो. खिडकीपाशी लोखंडी खिळ्यांभोवती काळी वर्तुळे पडली होती. ओल मिळाली की लोखंड आणि सागातील टॅनिन हे तुरट द्रव्य मिळून असा काळा रंग धरतो, आणि तो पेपरने जात नाही. तिथे ऑक्झॅलिक अॅसिडचे पाणी लावून, नंतर स्वच्छ पाण्याने दोनदा पुसून, ते लाकूड दीड दिवस सुकू दिले.

घासलेले पट्टे पाहून काकी हिरमुसल्या. आजूबाजूची जमीन गडद तपकिरी आणि मधले लाकूड फिकट पिवळे दिसत होते. मी टर्पेंटाइनचा ओला बोळा त्यावर फिरवून दाखवला. तेल लावल्यावर साधारण तोच रंग येतो, आणि उरलेला फरक उजेड आणि हवा काही महिन्यांत भरून काढतात. ताजे तासलेले सागवान असेच हळूहळू गडद होते.

चौथ्या दिवशी सकाळी नऊला डबल बॉइल्ड जवसाच्या तेलाचा पहिला हात दिला, वीस मिनिटे मुरू दिले आणि वर राहिलेले तेल जुन्या धोतराच्या फडक्यांनी पुसून काढले. आम्ही जेवायला खाली उतरलो. दोनच्या सुमारास काकी जिन्याखालून म्हणाल्या, "मेस्त्रीनू, वर काय जळता?"

वर कोणीच नव्हते, चूल नव्हती, विजेचे एकही यंत्र चालू नव्हते. मी धावत गेलो तेव्हा कौलांखालच्या कोपऱ्यातील गोणपाटातून धुराची बारीक रेघ निघत होती. भाच्याने नीटनेटकेपणा म्हणून ती सगळी फडकी गोळा करून गोणपाटात दाबून भरली होती. हात लावला तर गोणपाट चांगलेच तापलेले. जिन्यावरून ते खाली नेण्याचे धाडस मी केले नाही. खिडकीतून खळ्यात फेकले. पडताच तोंड उघडले, आतल्या फडक्यांना हवा लागली आणि ज्वाळा उठली. काकींनी विहिरीवरची भरलेली कळशी ओतली, मी आणखी दोन बादल्या ओतल्या, तेव्हा ती विझली.

जवसाचे तेल पाण्यासारखे उडून सुकत नाही. ते हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होते आणि तसे होताना उष्णता सोडते. जमिनीवर त्याचा थर पातळ असतो, म्हणून ती उष्णता निघून जाते. कोंबलेल्या फडक्यांत ती साठते आणि शेवटी कापडच पेटते. डबल बॉइल्ड तेलात लवकर सुकण्यासाठी ड्रायर घातलेले असतात, त्यामुळे ते आणखी वेगाने तापते, आणि मे महिन्यात कौलांखालची हवा आधीच तापलेली होती. हे सगळे मला ठाऊक होते, पण भाच्याला सांगितले नव्हते. ती चूक माझी होती, आणि काकींना मी ती तशीच सांगितली. आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर त्या सागाच्या माडीचे काय झाले असते, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

गोणपाट ठेवले होते तिथे तळहाताएवढा तपकिरी चट्टा उमटला होता. फळी न झिजलेल्यांपैकी होती. दुसऱ्या दिवशी तीही सांध्यापासून सांध्यापर्यंत काचेने खरवडली. जळीत कागदाएवढेच खोल होते, खाली लाकूड स्वच्छ निघाले. मग चारही जागांना तेलाचा हात दिला. या वेळी भाच्याने वापरलेली फडकी मोजली, अकरा भरली, आणि अकराही आगरातल्या तारेवर एकेक वेगळी पसरून, ती कडक होईपर्यंत तो तिथेच बसून राहिला.