‘रिलेव्हंट’ अनुभवाचा रकाना

भोसरीत बसगाड्यांना बसवायच्या ट्रॅकिंग उपकरणांचं फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर लिहायचो, तिथून बॅकएंडला, म्हणजे सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरच्या कामाला आलो. त्यासाठी लागणारी गो, पोस्टग्रेस, काफ्का ही मंडळी संध्याकाळी बसून शिकता येतात. मी अडलो ते एका रकान्यापाशी.

मुलाखतीआधी एचआरकडून तक्ता येतो: एकूण अनुभव, रिलेव्हंट अनुभव, सध्याचा सीटीसी (वर्षाचं एकूण वेतन), अपेक्षित सीटीसी, नोटीस पीरियड. रिलेव्हंटमध्ये फक्त आकडा भरता येतो. मी एकूणइतकाच भरायचो. मग फोन यायचा, “सर, बॅकएंडमध्ये किती वर्षं?” उपकरणाकडून डेटा घेणाऱ्या सर्व्हरचा प्रोटोकॉल मीच ठरवला होता, हे सांगायला लागलो की मध्येच, “ते एम्बेडेड झालं ना सर? मग झिरो धरते.” पद आणि पगार याच आकड्यावर ठरतात. शून्य पडलं की इतक्या वर्षांचा माणूस फ्रेशरच्या रांगेत. बहुतेक ठिकाणी तर तिथेच विषय संपायचा, तांत्रिक माणसापर्यंत माझा सीव्ही जायचाच नाही.

याचा राग अजून आहे, कारण दोन्हीकडचे प्रश्न तेच असतात. घाटात रेंज गेली की उपकरण डेटाची पॅकेटं स्वतःच्या फ्लॅश मेमरीत साठवतं आणि रेंज आली की सगळी एकदम सोडतं. पोच आली नाही तर तेच पॅकेट पुन्हा पाठवतं. एकच नोंद दोनदा येणार, जुनी नव्यानंतर येणार, हे धरूनच सर्व्हरवरचं टेबल बांधावं लागतं. टॉवर परत चालू झाला की सगळी उपकरणं एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडतात, म्हणून पुन्हा जोडण्याआधी प्रत्येकानं वेगवेगळा वेळ थांबायचं, हे फर्मवेअरमध्ये घालावं लागतं. ७ एप्रिल २०१९ ला आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास जीपीएसचा आठवडे मोजणारा १० बिटांचा आकडा १०२३ वरून शून्यावर गेला. ते न सांभाळणारा जुना रिसीव्हर तेव्हापासून साडेएकोणीस वर्षांहून जुनी तारीख सांगू शकतो. म्हणून पॅकेट पोचल्याची वेळ सर्व्हरनं वेगळी नोंदवायची. हा अनुभव शून्य कसा?

शेवटी एका जुन्या सहकाऱ्यानं सीव्ही थेट त्याच्या टीम लीडकडे दिला. तुम्हीही तेच करा, पोर्टलवर अर्ज टाकत बसू नका. लीडनं विचारलं, पेमेंटची एकच विनंती दोनदा आली तर? मी पॅकेटच्या क्रमांकावरून दुबार नोंद कशी ओळखायचो ते सांगितलं, आणि पुढची सगळी मुलाखत त्यावरच रंगली.

सीव्हीत सुरुवातीलाच मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे उपकरणातल्या चिपची नावं लिहू नका. किती उपकरणं जोडलेली होती, डेटा कुठे जायचा, तुटल्यावर काय व्हायचं, हे आधी येऊ द्या. आणि हो, नोटीस ९० दिवसांची असेल तर पहिल्याच फोनवर सांगा.

मुलाखतीनंतर लीडकडून एक ओळ मेलवर मागून घ्या, की तुमचा सगळा अनुभव धरला आहे. मी घेतली होती. पगाराच्या बोलणीत एचआरनं पुन्हा शून्यच काढलं, तेव्हा तो मेल पुढे पाठवला. दुसऱ्या दिवशी सुधारलेलं ऑफर लेटर आलं.