सुगडातला डॅनियल सेल: जस्त काळं पडायचं थांबलं

मंडळी, थांबलं एकदाचं! संध्याकाळी भरलेला डॅनियल सेल (तांबं आणि जस्त दोन वेगळ्या द्रावणांत, मध्ये मातीची भिंत, त्यातून वीज) सकाळी उघडला, तर जस्ताची पट्टी होती तशी राखाडी. १० ओहमच्या लोडवर, म्हणजे सेलला जोडलेल्या रोधावर, ०.७२ व्होल्ट, लोड काढला की १.०८. म्हणजे सेलचा स्वतःचा, अंतर्गत रोध ५ ओहमच्या आसपास. संक्रांतीच्या सुगडाकडून मला एवढीही आशा नव्हती.

मागचा त्रास थोडक्यात सांगतो. सुगडात मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) द्रावण आणि तांबं, बाहेरच्या डब्यात झिंक सल्फेट आणि जस्त. पहिले काही तास सेल झकास चालायचा, मग लोडवरचं व्होल्टेज घसरत निम्म्यावर यायचं. जस्त बाहेर काढलं की त्यावर काळा, मऊ, बोटाला लागणारा थर. हा थर तांब्याचाच, अगदी बारीक कणांचा. तांब्याचे आयन मातीतून झिरपून जस्तापर्यंत पोचले की इलेक्ट्रॉनांना तारेतून जायची गरजच उरत नाही. जस्त जागच्या जागी विरघळतं, तांबं तिथेच बसतं, आणि आपली ऊर्जा पाणी कोमट करण्यात जाते.

ती ऊर्जा किती, हे डोळ्यांनी पाहायचं होतं. थर्माकोलच्या पेल्यात १०० मिली, ०.२ मोलर मोरचुदाचं द्रावण घेतलं आणि जस्ताची पूड जरा जास्तच टाकली. ढवळता ढवळता निळा रंग उडाला आणि तापमान ९ अंशांहून जास्त चढलं. हिशेबाने साडेदहाच्या आसपास यायला हवं, उरलेली उष्णता पेला आणि हवा घेऊन गेली. एका मोलमागे सुमारे २१९ किलोजूल. हीच अभिक्रिया सेलमध्ये, तारेच्या वाटेने घडवली, तर त्यातले २१२ किलोजूल विजेच्या रूपात मिळू शकतात. जवळजवळ सगळेच! डॅनियलने १८३६ साली दोन द्रावणं वेगळी ठेवली ती किती मोलाची गोष्ट होती, हे त्या पेल्यातल्या थर्मामीटरकडे बघताना नीट कळलं.

तर आता ती मातीची भिंत. आधी संशय सुगडांवरच होता. जांभळी नाक्यावरून आणलेल्यांपैकी रंगवलेली बाजूला काढली, टिचकी मारल्यावर बद्द वाजणारी वगळली, बाकीची बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात बुडवून ठेवली. तरी काळा थर यायचाच. मग जस्ताला रजा देऊन फक्त झिरपण तपासली. सुगडात मोरचूद, बाहेर साधं पाणी, रात्रभर तसंच ठेवायचं आणि सकाळी त्या पाण्यात अमोनियाचे थेंब टाकायचे; तांबं झिरपलं असेल तर पाणी निळं होतं. दोन्हीकडे पातळी सारखी ठेवली की बाहेरचं पाणी गडद निळं. बाहेरची पातळी दोन बोटं वर ठेवली की जेमतेम निळसर झाक.

कारण घनतेत आहे. मोरचुदाचं संपृक्त द्रावण पाण्याच्या साधारण १.२ पट जड. पातळी सारखी दिसली तरी तळाशी दाब सारखा नसतो. आठ सेंटिमीटर उंचीमागे दीड सेंटिमीटर पाण्याइतका दाब निळ्या द्रावणाला सतत बाहेर ढकलत राहतो. झिंक सल्फेट वापरलं की हा फरक कमी होतो, पण जात नाही. म्हणून जस्ताच्या बाजूची पातळी कायम वर.

एवढ्यानेही काम पुरतं झालं नाही, कारण दुसरी चोरवाट काठावरून होती. भिंगातून पाहिलं तर सुगडाच्या ओठावर निळ्या स्फटिकांची बारीक किनार, काठ ओलांडून बाहेरच्या अंगाने उतरलेली, आणि तिचं टोक थेट झिंक सल्फेटमध्ये. द्रावण मातीतून वर चढतं, काठावर सुकतं, त्या स्फटिकांवरून आणखी द्रावण चढतं. मेणबत्त्या वितळवून कोरड्या सुगडाचा काठ दोन बोटं मेणात बुडवला. किनार बंद!

मग तीन सेल रांगेत जोडून दोन पेन्सिल सेलवर चालणारा रेडिओ लावला. अस्मिता वाहिनी खणखणीत लागली. आवाज मोठा केला तरी व्होल्टेज २.७ च्या खाली गेलं नाही. बातम्या संपेपर्यंत मी जागचा हललो नाही.

सामानाबद्दल थोडं. ऑनलाइन घेतलेली ‘शुद्ध जस्ताची’ पट्टी लोहचुंबकाला चिकटली, म्हणजे मुलामा दिलेलं लोखंड. पट्टी घेतली की आधी चुंबक लावा. सध्याचं जस्त दिवाळे कोळीवाड्यातून, बोटीचं लोखंड गंजू नये म्हणून लावतात त्या झिंकच्या ठोकळ्यातून करवतीने कापलेलं. एकसारखं झिजतं, मला फार आवडलं. पण अशा ठोकळ्यांत थोडं ॲल्युमिनियम आणि किंचित कॅडमियम असतं, तेव्हा कापताना मास्क लावा आणि कीस गोळा करून ठेवा. मोरचूद आणि झिंक सल्फेट शहापूरच्या कृषी सेवा केंद्रातून, शेतीच्या प्रतीचं. गाळून घेतलं की आपल्या कामाला उत्तम, महागड्या बाटल्यांची गरज नाही. वापरलेलं निळं पाणी मोरीत ओतू नका. तांबं माशांना विषारी आहे आणि आपली मोरी शेवटी खाडीलाच मिळते. त्यात लोखंडी काथ्या टाकून ठेवला की तांबं त्यावर उतरतं.

पुढचा बेत सहा सेलच्या पेटीचा होता, पण हे लिहितानाच तो बदलतोय. नोंदी पुन्हा पाहिल्या तर लोड जोडलेला असताना जस्त कमी काळं पडलंय, नुसत्या उभ्या सेलमध्ये जास्त. बरोबरच आहे. प्रवाह चालू असला की धन आयन तांब्याकडे ओढले जातात, झिरपणारं तांबं मागे रेटलं जातं. रिकामं बसणं हाच या सेलचा शत्रू. मग भिंतच कशाला? तारऑफिसांत चालायचा तसा ग्रॅव्हिटी सेल करावा: लोणच्याच्या काचेच्या बरणीत तळाला तांबं आणि मोरचुदाचे खडे, वर हलकं झिंक सल्फेट, त्यात टांगलेलं जस्त. तो सतत चालता ठेवावा लागतो, आणि घरात सतत तेवणारी एक गोष्ट हवीच आहे. देवघरातला नंदादीप!

जूल थीफवर (कमी व्होल्टेज वाढवून एलईडी पेटवणारं छोटं सर्किट) एक एलईडी, सेलमधून २० मिलिअँपिअर. दिवसाला ०.४८ अँपिअर-तास, म्हणजे सव्वादोन ग्रॅम मोरचूद आणि ०.६ ग्रॅम जस्त. पाव किलो खड्यांवर साडेतीन महिने. मध्ये मध्ये वरचं झिंक सल्फेट नळीने थोडं काढून पाणी घालायचं, एवढीच देखभाल. तांब्याची तार झिंक सल्फेटच्या थरातून वर येणार, तिला पीव्हीसीचं आवरण पुरेल की काचेची नळीच घालू? ज्यांनी बरणीचा सेल महिनोन्महिने चालवलाय त्यांनी जस्ताचा आकारही सांगा. मी ठोकळ्यातून आडवी चकती कापायला घेतोय.