तापास खायला निघालेल्या नागपूरकरांसाठी

नागपुरात रात्रीचं जेवण साडेआठ-नऊपर्यंत आटोपतं. स्पेनमध्ये त्या वेळी शेगडी नुकती पेटलेली असते. दुपारचं जेवण दोन ते चार, मग बहुतेक स्वयंपाकघरं बंद, ती पुन्हा सुरू होतात रात्री साडेआठ-नऊला. त्यात घड्याळाचा फरक. उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. तिथे नऊ वाजतात तेव्हा आपल्या पोटात साडेबारा नाहीतर दीड वाजलेला असतो. म्हणून सातलाच भूक लागते आणि माणूस चौकातल्या, फोटोवाल्या मेन्यूच्या हॉटेलात शिरतो. तिथलं खाणं बहुधा प्रवाशांसाठीच रांधलेलं असतं. त्यापेक्षा सहा-सातला कुठल्याही साध्या बारमध्ये ‘पिंचो दे तोर्तिया’ मागावा. आलू, अंडी आणि बहुतेक ठिकाणी कांदा घातलेल्या जाड ऑम्लेटचा हा त्रिकोणी तुकडा काउंटरवर दिवसभर असतो आणि नऊपर्यंत पोटाला आधार देतो.

बार या शब्दाने बिचकू नये. आपल्याकडे बार म्हटलं की कुटुंब घेऊन जायची जागा डोळ्यासमोर येत नाही. तिथे त्याच काउंटरवर सकाळी कॉफी मिळते, दुपारी आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात आणि रात्री तापास, म्हणजे छोट्या बशांतून थोडंथोडं खायचं खाणं, असतं. दारू घ्यायलाच हवी असंही नाही. ‘मोस्तो’ म्हणजे द्राक्षाचा गोड रस, तो चांगला लागतो. बिअर हवी असेल तर ‘कान्या’ म्हणायचं, साधारण 200 मिलीचा छोटा ग्लास येतो. मोठा मागू नये. शेवटपर्यंत थंड राहावी म्हणूनच तो ग्लास छोटा असतो.

तापास हा पदार्थ नाही, खाण्याची पद्धत आहे, आणि आपली माणसं चुकतात ती इथेच. चौघं बसतात, मेन्यू मागवतात आणि सावजी भोजनालयात सांगावं तसं सगळं एकदम सांगून टाकतात. मग आठ बशा एकाच वेळी येतात, तळलेलं मऊ पडतं, गरम ते गार होतं. तिथे दोन पदार्थ सांगायचे, ते संपत आले की पुढचे दोन, नाहीतर पैसे देऊन शेजारच्या बारमध्ये जायचं. बशीचं मापही सांगावं लागतं. ‘तापा’ म्हणजे दोन-चार घास, ‘मेदिया राथियोन’ म्हणजे अर्धी बशी, ‘राथियोन’ म्हणजे चौघांत वाटून घ्यायची पूर्ण बशी. दोघंच असाल तर राथियोनच्या वाटेला जाऊ नका. बाहेर अंगणात बसलं की बऱ्याच ठिकाणी तापा मिळतच नाही, मोठ्या बशाच मिळतात, आणि दरही चढा असतो. काउंटरला उभं राहून खाणं स्वस्त पडतं, चांगलंही लागतं, कारण समोर काय ताजं आलंय ते दिसतं.

गावागावाची रीत वेगळी. ग्रानादात पेय घेतलं की त्यासोबत एक तापा फुकट येतो, दुसऱ्या पेयासोबत दुसरा. काय द्यायचं ते बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर ठरवतं, म्हणून शाकाहारी असाल तर पेय सांगतानाच सांगा, बशी आल्यावर नाही. बार्सिलोनात अशी अपेक्षा ठेवू नये. उत्तरेला सान सेबास्तियानमध्ये याला ‘पिंचोस’ म्हणतात आणि ते काउंटरवर मांडलेलेच असतात. पण तिथली खरी चव फळ्यावर लिहिलेल्या गरम पिंचोंमध्ये असते. ते सांगितल्यावर करून देतात.

आता शाकाहाराचं. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढं म्हणून भागत नाही. बऱ्याच जणांच्या लेखी खामोन, म्हणजे वाळवलेलं डुकराचं मांस, आणि ट्यूना मासा हे ‘कार्ने’मध्ये मोडतच नाहीत. नावं घेऊन सांगायचं: ‘सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो, सिन आतून’ (‘पेस्कादो’ म्हणजे मासा, ‘आतून’ म्हणजे ट्यूना). ‘सँडविच वेखेताल’ या नावाला भुलू नका, त्यात अनेकदा ट्यूना असतो. ‘एन्सालादा मिक्स्ता’ या सॅलडवरही तोच पसरतात. क्रोकेतास दिसायला आपल्या आलूबोंड्याच्या लहान भावासारखे, पण आत बहुधा खामोन. कोर्दोबाचं साल्मोरेखो हे टोमॅटो-पावाचं दाट गार सूप आहे, त्यावर अंडं आणि खामोन भुरभुरतात, म्हणून ‘सिन खामोन’. हिरव्या ऑलिव्हच्या पोटात अँकोव्ही मासा भरलेला असू शकतो. मेन्यूवर अ‍ॅलर्जीची छोटी चित्रं असतात. युरोपीय नियमाने 14 घटक सांगावे लागतात, त्यांत मासे आहेत, अंडं आहे, पण मांस नाही. चित्र नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी, असं समजू नये.

मांसाहारी असून गाय-बैल टाळत असाल तर ‘तेर्नेरा’, ‘बाका’, ‘बुएय’, ‘राबो दे तोरो’ हे शब्द पाठ करा. ‘कायोस’ म्हणजे वजडी, ती बहुधा गाय-बैलाचीच. ‘आल्बोंदिगास’ या मांसाच्या गोळ्यांत अनेकदा डुक्कर आणि तेर्नेरा एकत्र असतं. ‘पोयो’ म्हणजे कोंबडी. चीजबाबत काटेकोर असाल तर एस्त्रेमादुराचं ‘तोर्ता देल कासार’ मागा. त्याचं दूध प्राण्याच्या रेनेटने, म्हणजे पोटातून काढलेल्या, दूध गोठवणाऱ्या द्रव्याने नाही, काटेरी रानफुलाच्या केसरांनी गोठवतात.

इतकं टाळूनही पोटभर खाता येतं. सेविलमध्ये ‘एस्पिनाकास कोन गार्बान्थोस’ म्हणजे पालक आणि काबुली चणे. लसूण आणि तळलेला पाव वाटून दाटपणा आणतात आणि जिरं इतकं स्पष्ट लागतं की आपल्या जिभेला ते परकं वाटत नाही. दक्षिण स्पेनच्या आंदालुसियातले ‘बेरेंखेनास कोन मिएल’ हे वांग्याचे तळलेले काप. ‘मिएल’ म्हणजे मध खरा, पण वर ओततात ती उसाची काकवी. आले की लगेच खावेत, पाच मिनिटांत त्यांचा कुरकुरीतपणा जातो. कढई माशांची तर नाही ना, हे मात्र विचारून घ्या, आंदालुसियात तळणीचे मासे फार. ‘पिमिएंतोस दे पाद्रोन’ म्हणजे तेलात परतून जाड मीठ टाकलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या. बहुतेक गोडसर, एखादीच तिखट. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना ही बशी सोयीची.

तिखटाची आशा मात्र ठेवू नका. ‘पातातास ब्रावास’चा सॉस मेन्यूवर झणझणीत म्हटलेला असला तरी तर्री-पोह्यांच्या तर्रीपुढे तो गोडच. काही ठिकाणी तो मांसाच्या पाण्यात शिजवतात, तेही विचारा. झणझणीत नसूनही नागपुरी जिभेला ज्याची ओढ लागेल ते म्हणजे ‘गाम्बास आल आखियो’. मातीच्या छोट्या ताटलीत ऑलिव्ह तेल, लसणाचे काप, एखादी लाल मिरची आणि कोळंबी. ताटली टेबलावर येते तेव्हा तेल अजून उकळत असतं, लसणाच्या कडा तांबूस होत असतात. मिनिटभर थांबा, नाहीतर तोंड भाजेल, आणि ताटलीच्या काठाला हात लावू नका. कोळंबी संपली की उरलेलं तेल पावाने टिपायचं, आपण पोळीने तर्री टिपतो तसं. इथे पाव हवाच. एरवी न मागता टेबलावर आलेल्या पावाचेही बरेचदा पैसे लागतात, म्हणून नको असेल तर आधीच परत करावा.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. पाहुण्याला उठवणं तिथे बरं समजत नाहीत. ‘ला क्वेंता, पोर फावोर’ म्हणायचं. टिपची सक्ती नाही, लोक थोडी चिल्लर ठेवतात. सेविलच्या ‘एल रिंकोन्थियो’त, 1670 पासूनच्या जुन्या बारमध्ये, तुमचा हिशेब वेटर तुमच्यासमोर लाकडी काउंटरवर खडूने मांडतो. पैसे दिले की हाताने पुसून टाकतो आणि तिथेच पुढच्या माणसाचे आकडे लिहायला लागतो.