केस कुणाच्या सीआरसाठी?

बॉस्टनची एक जुनी केस वाचत होते आणि ती डोक्यातून जातच नाहीये. 1965 साली एडवर्ड डीगन नावाच्या माणसाचा खून झाला, 1968 मध्ये चार निर्दोष माणसांनाही शिक्षा झाली, त्यातल्या तिघांना तर थेट मृत्युदंड (नंतर तो टळला), आणि हे सगळं उभं होतं जोसेफ बार्बोझा ह्या एका खबऱ्याच्या साक्षीवर. तो खोटं बोलतोय हे एफबीआयला माहीत होतं, खरे खुनी कोण ते त्यांच्याच फायलींमध्ये होतं, तरी सगळे गप्प, कारण माफियाविरुद्ध बोलणारा असा खबरी परत कुठून मिळणार. चौघांतले दोघं जेलमध्येच वारले. जोसेफ साल्वाटी जवळजवळ तीस वर्षं आत होता, त्याची बायको मरी दर आठवड्याला त्याला भेटायला जायची, चार मुलं बापाला तिथंच भेटत मोठी झाली. 2007 मध्ये जज नॅन्सी गर्टनरनी सरकारला 10 कोटी डॉलरच्या वर भरपाई द्यायला लावली. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की त्या शिक्षा झाल्यावर एजंट लोकांना शाबासकी आणि पगारवाढ मिळाली होती.

वरचा साहेब जे मोजतो तेच खालचा माणूस करतो. एफबीआयचे तेव्हाचे प्रमुख हूवर दरवर्षी बजेट मागायला काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या, कमिटीपुढे आकडे घेऊन जायचे, इतक्या शिक्षा, इतके फरारी, इतक्या चोरीच्या गाड्या. गाड्या बऱ्याचदा गावच्या पोलिसांनीच शोधलेल्या असायच्या, पण 1919 च्या कायद्यानं चोरीच्या गाडीनं राज्याची हद्द ओलांडली की गुन्हा फेडरल, म्हणजे केंद्राचा, मग आकडा एफबीआयच्या नावावर. माफियाची केस वर्षानुवर्षं चालणार, ती कोण अंगावर घेईल? 14 नोव्हेंबर 1957 ला न्यूयॉर्क राज्यातल्या अपालाचिन गावात देशभरातले माफिया एका घरात जमलेले सापडले ते सुद्धा न्यूयॉर्कच्या राज्य पोलिसांना.

आता कोणी म्हणेल इंदूरात बसून अमेरिकेचं काय घेऊन बसलीस. तर आमच्या रामबागेतले एक काका केंद्राच्या एका खात्यातून रिटायर झालेत, त्यांना मी हे सगळं सांगितलं तर ते जराही चकित झाले नाहीत. म्हणाले, "अगं, मोठ्या पार्टीची केस उभी करायला दोन-तीन वर्षं जातात, तोवर आपली ट्रान्सफर, क्रेडिट पुढच्याला. मार्च आला की सियागंजातला छोटा व्यापारी बरा, त्याच्याकडे धड वकील नसतो, घाबरून पैसे भरून टाकतो, आणि सीआरमध्ये (वर्षाच्या कामाच्या गोपनीय अहवालात) लिहायला आपल्याला काहीतरी मिळतं." काका पैसे खाणारे नव्हते, हे मी खात्रीनं सांगते, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. लाचखोराला पकडता तरी येतं, इथे तर सगळं नियमात बसतं.

आपल्याकडे 7 जानेवारी 2014 ला सुप्रीम कोर्टानं गुजरातच्या किशनभाई केसमध्ये सगळ्या राज्यांच्या गृहखात्यांना सांगितलंय की आरोपी सुटला की प्रत्येक वेळी तपासात कोण चुकलं ते बघा आणि चुकणाऱ्या अधिकाऱ्यावर खात्याची कारवाई करा. मला हे सीबीआय आणि ईडीच्या बाबतीत पण हवंय, आणि नुसतं कागदावर नको. ज्या ऑफिसरला अटकेच्या दिवशी शाबासकी मिळाली त्याच्याच सीआरमध्ये, तो तोवर कितीही वर चढलेला असो, केस कोर्टात का पडली ते लिहिलं गेलं पाहिजे, आणि पुढच्या प्रमोशनला ते पान उघडून वाचलं गेलं पाहिजे.